बघणं आणि धरणं यांतली फट

घराला कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून बघतो. जिना उतरतो, परत वर जातो, चौथ्यांदा ओढतो. माझी बायको सुमन खाली रिक्षात बसलेली असते. ती रिक्षावाल्याला म्हणते, "थांबा जरा, कुलपाची तब्येत बघायला गेलेत." स्वभाव लहानपणापासूनचा. आई म्हणायची, "या पोराच्या पोटात सदा गोळा." या गोळ्याचा पुढे काही उपयोग होईल असं घरात कोणालाच वाटलं नव्हतं, मला तर नाहीच. पण आज बेळगावात मी जे काम करतो ते या गोळ्याच्या जोरावरच करतो.

माझं गाव परभणीकडे. तिथून इथे यायला एक रात्र आणि अर्धा दिवस लागतो. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. गावातला एक ओळखीचा माणूस उद्यमबागेतल्या फाउंड्रीत होता, त्याच्या मागे मी आलो. इथलं बोलणं पहिले सहा महिने अर्धंच कळायचं. कोणी "व्हय न्हवं?" असं विचारलं की होय म्हणायचं का नाही, हेच उमगायचं नाही.

फाउंड्रीत माझ्या वाट्याला तपासणीचं काम आलं. पंपाचे ओतीव भाग ओळीने मांडलेले असायचे. लहान हातोडीने एकेक ठोकायचा आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर बरा, बद्द वाजला तर आत कुठेतरी चीर नाहीतर पोकळी. भाग पंपाला लावून फिरवला तर चीर कळतेच, पण मग भागाबरोबर पंपही जातो. न लावता, न फिरवता, नुसत्या आवाजावरून ओळखायचं, ही त्या कामातली गंमत. मी प्रत्येक भाग दोनदा ठोकायचो. मुकादमाने मालकांच्या मुलाकडे तक्रार केली, "ह्यो माणिक ठोकल्यालं परत ठोकतोय, येळ लई खातोय."

मालकांचा मुलगा म्हणजे भरतेश अण्णा. निपाणीकडच्या जैन शेतकरी घरातले, इंजिनियर झालेले. नंतर वडिलांची फाउंड्री भावाकडे सोपवून त्यांनी टिळकवाडीत दोन खोल्यांत सॉफ्टवेअरची कंपनी काढली. शाळा, दवाखाने, तपासणीच्या लॅब यांच्यासाठी प्रोग्राम लिहायचे. पुढे माझं मनगट गेलं. डॉक्टर म्हणाले, हातोडी बंद. मी गावी परत जायची पिशवी भरली होती. अण्णा म्हणाले, "पिशवी सोड रं. माझ्याकडं ये. बसून ठोकायचं काम हाय."

मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती.

त्या कामाला स्टॅटिक ॲनालिसिस म्हणतात. आम्ही ऑफिसात त्याला चाळणी म्हणतो. प्रोग्राम म्हणजे कंप्युटरला दिलेल्या हुकमांची भली मोठी यादी. चाळणी हाही एक प्रोग्रामच, पण ती दुसऱ्याचा प्रोग्राम न चालवता ओळीओळीने वाचते आणि जिथे जिथे शंका येते तिथे खूण करते. शंकांची यादी कधी कधी शेकड्यांत जाते. त्यातल्या बहुतेक फुकटच्या, कारण चाळणीला सगळीच माणसं चोर वाटतात, माझ्यासारखीच. मग त्या यादीवर कोणीतरी बसायचं, एकेक शंका वाचायची आणि पुढे शेरा मारायचा: खरी, फुकट, किंवा बघू. शिकलेल्या पोरांना हे काम नको असतं. त्यांना लिहायचं असतं. मला लिहिता येत नव्हतं, पण ठोकून बघता येत होतं.

शिकवलं ते शिल्पा मॅडमनी. त्या आमच्या मुख्य प्रोग्रामर, घरची भाषा कन्नड. मराठी बोलताना मध्येच "हौदा?" म्हणजे "असं का?" म्हणायच्या. मी दोनशे पानी वहीत इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून काढले. "फाईल उघड", "फाईल बंद कर", "असेल तर", "नसेल तर". पहिलं वर्षभर मी ती वही उशाला घेऊन झोपायचो. मॅडम एकदाही वैतागल्या नाहीत. एकदाच हसल्या, मी एका शंकेपुढे "बद्द वाजतंय" असा शेरा मारला होता तेव्हा. नंतर तो शेरा ऑफिसात सगळेच वापरायला लागले.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. खानापूरकडचे एक मुख्याध्यापक शाळेची निकालाची फाईल दिवसभर दोन कंप्युटरवर उघडी ठेवायचे. का, तर एक बंद पडला तर दुसरा आहेच. मग एकावर कारकून काही लिहायचा आणि दुसऱ्यावर सर "सेव्ह" दाबून ते पुसायचे. तक्रार आमच्याकडे: "तुमचा प्रोग्राम पोरास्नी नापास करतोय." मी तिथे जाऊन सांगितलं, सर, एक बंद ठेवा. सर म्हणाले, "बंद ठेवला तर बिघडंल की." शेवटी मी दुसऱ्या कंप्युटरवर कापडी खोळ घालून आलो. सरांना वस्तू झाकून ठेवायची सवय, खोळ घातल्यावर ते तिला हात लावेनात. तो प्रश्न प्रोग्रामशिवाय सुटला.

आता ज्या शंकेसाठी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

फाउंड्रीच्या दिवसांत आम्ही आठ जण एका खोलीत राहायचो, न्हाणीघर एक. सकाळी डोकावून बघायचं, रिकामं आहे. मग टॉवेल-साबण आणायला खोलीत जायचं. परत येईपर्यंत दार बंद आणि आतून दुसऱ्याचं गाणं. बघितलं तेव्हा रिकामं होतं हे खरं, पण बघणं आणि आत शिरणं यांच्यामध्ये फट राहिली. त्या फटीत दुसरा शिरला. प्रोग्रामातही असंच होतं. प्रोग्राम आधी बघतो, फाईल आहे का? नाही. बरं, मग तयार करतो. या "नाही" आणि "तयार करतो" यांच्या मध्ये डोळ्याची पापणी लवायच्या हजाराव्या भागाएवढी फट असते. दोन कंप्युटर एकाच वेळी बघत असले तर दोघांनाही "नाही" दिसतं आणि दोघंही आत शिरतात. इंग्रजीत याला रेस कंडिशन म्हणतात, म्हणजे शर्यत. आम्ही फट म्हणतो.

निपाणीच्या एका लॅबसाठी आम्ही रक्ततपासणीचे अहवाल छापायचा नवा प्रोग्राम केला. कागदाच्या वरच्या भागात रुग्णाचं नाव, वय, गाव. ते छापणाऱ्याच्या समोरच्या कंप्युटरवरून यायचं. खालच्या भागात तपासणीचे निकाल. ते मुख्य कंप्युटरवर एका तात्पुरत्या फायलीत लिहिले जायचे आणि तिथून छापले जायचे. फायलीचं नाव ठरलेलं, एकच. फाईल असली तर कोणाचं तरी छापणं चाललंय, थांबायचं. नसली तर तयार करायची, लिहायची, छापायची, पुसायची.

चाळणीने तिथे खूण केली. मी ती ओळ वाचली आणि पोटात गोळा आला. शेरा मारला: खरी.

शिल्पा मॅडमनी बघितलं. म्हणाल्या, "माणिकराव, फट आहे, बरोबर आहे. पण त्यात शिरायला दुसरा माणूस पाहिजे ना? लॅबने भरून दिलेल्या फॉर्मवर लिहिलंय, छपाईची खिडकी एक. एकटाच माणूस स्वतःशी शर्यत कशी लावेल?"

भरतेश अण्णांनीही विचारलं, "कितीदा हुईल रं असं?"

"सांगता येत नाही अण्णा."

"एक खिडकी असल्यावर?"

"मग नाही होणार."

"मग झालं की."

दोघंही प्रेमाने बोलले. कोणी माझी नववी काढली नाही. पण ती माझ्या मनात होतीच. इंजिनियर माणसं सांगतायत, मी कोण? लॅबला प्रोग्राम सोमवारी हवा होता. मी "खरी" खोडलं आणि लिहिलं: फुकट. खिडकी एक, धोका नाही. खाली माझी सही. त्या दिवशी मी एक प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो विचारायला शिक्षण लागत नाही. खिडकी खरंच एक आहे का, हे कोणी जाऊन बघितलंय का? मी विचारला नाही. आजही रस्त्याने जाताना तो प्रश्न मधूनच आठवतो आणि मी थांबतो.

तीन आठवड्यांनी मॅडम बहिणीच्या लग्नाला गेल्या होत्या. लॅबमध्ये कन्नड अक्षरं नीट उमटत नव्हती म्हणून अण्णांनी मला निपाणीला धाडलं. सकाळी पोचलो. दारातच थांबलो.

खिडक्या दोन होत्या.

एकीवर कन्नडमध्ये पाटी, दुसरीवर मराठीत. दोन्हीपुढे रांग. मराठी खिडकीवर शारदाआक्का बसल्या होत्या, लॅबच्या सगळ्यांत जुन्या बाई. मी विचारलं, "आक्का, दुसरी खिडकी कधी झाली?"

"कधी म्हंजे? पयल्यापासनंच हाय."

"फॉर्मवर तर एक लिहिलंय."

"तो फॉर्म भरला तवा ह्यो कंप्युटर बिघडल्याला. म्हणून एक लिवलं आसंल. तुमी काय ते विचारलं न्हाय, आमी सांगितलं न्हाय."

मग त्यांनीच समजावलं. हा सीमेवरचा मुलूख. सून इकडची तर तिचं माहेर तिकडचं, शेत एका राज्यात आणि दवाखाना दुसऱ्या. इथली माणसं कुठलाही कागद एक घेत नाहीत. "हिकडचा एक, तिकडचा एक." गावच्या आशा सेविकेला दाखवायला कन्नडमधला, कागल-कोल्हापूरच्या डॉक्टरांना दाखवायला मराठीतला. आधी एका खिडकीवर घ्यायचा, मग दुसऱ्या रांगेत उभं राहायचं. परभणीच्या माणसाला हे कसं सुचणार? आणि बेळगावात ऑफिसात बसणाऱ्याला तरी कुठे सुचलं?

माझ्या डोळ्यांसमोर दोन्ही खिडक्यांवरची बोटं खाली आली आणि दोन्ही प्रिंटर एकदमच घरघरले.

"आक्का, पाच मिनिटं रांग थांबवा."

"रांग? लोक मला फाडून खातील."

"खाऊ दे. माझं नाव सांगा."

मी दोन खोटे रुग्ण तयार केले. "चाचणी एक", रक्तगट ए. "चाचणी दोन", रक्तगट बी. कन्नड खिडकीवर मी बसलो, मराठीवर आक्का. "तीन म्हटलं की दाबायचं." एक, दोन, तीन. कागद बरोबर. पुन्हा. बरोबर. रांगेतून कोणी ओरडलं, "काय कवायत चाललीया व्हय?" दहा वेळा बरोबर आलं. क्षणभर वाटलं, देवा, माझीच शंका फुकट असू दे. चौदाव्या वेळी आक्कांनी कागद उचलला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"आगं आई गं. नाव एकीचं आन् रगत दुसरीचं?"

मी अण्णांना फोन लावला. "अण्णा, ती फट. खरी होती. माझ्या सहीनं गेलीय."

अण्णा म्हणाले, "सहीचं मागनं बघू. एक खिडकी बंद कर. आजवर कोनाकोनाला चुकीचा कागद गेला त्ये आधी काढ."

नशीब एवढंच की कुठला कागद कधी छापला याची वेळ प्रोग्राम सेकंदापर्यंत लिहून ठेवायचा. मी आणि आक्का ती यादी घेऊन बसलो. बोट ठेवून एकेक ओळ. दोन खिडक्यांवर एकाच सेकंदाला छापलेले कागद शोधायचे. तीन जोड्या सापडल्या, म्हणजे सहा माणसं. दोघांचे कागद अजून टेबलावरच पडले होते, ते फाडले. तिघांना आक्कांनी फोन करून कागद वाचून दाखवायला लावले. दोघांचे बरोबर. तिसऱ्या गृहस्थांच्या कागदावर साखरेचा आकडा दुसऱ्याच कोणाचा. ते चार दिवस बिनसाखरेचा चहा पीत होते. आक्का म्हणाल्या, "मामा, चूक आमची, घाला साखर." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. बायकूला बरं वाटतंय."

हसायला आलं, पण सहावं नाव वाचलं आणि हसू गेलं.

नाव एका मुलीचं, गाव कोगनोळी. मुख्य कंप्युटरवर तिचा रक्तगट बी निगेटिव्ह. तिच्याबरोबर त्याच सेकंदाला ज्याचा कागद छापला तो ओ पॉझिटिव्ह. आक्कांनी कपाळावर हात मारला. "आत्ता तासाभरापूर्वी सासरा घेऊन गेला की. दोन्ही कागद. पोरगी कागलला म्हायरी हाय, सातवा म्हैना लागलाय. मराठीतला तिथल्या डॉक्टरास्नी दाखवायचाय म्हणाला."

गरोदर बाईचं रक्त निगेटिव्ह असेल तर सातव्या महिन्याच्या सुमाराला एक इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या बाळंतपणात बाळाच्या जिवावर बेतू शकतं. हे आक्कांनी मला उभ्या उभ्या सांगितलं. कागदावर पॉझिटिव्ह दिसलं तर ते इंजेक्शन देणारच नाहीत. आणि तिला पुढच्या बाळंतपणापर्यंत काही कळणार नाही.

लॅबमध्ये लिहिलेला फोन नंबर तिच्या नवऱ्याचा, तो लष्करात, कुठेतरी उत्तरेला. लागेना. आक्कांनी एकाच खिडकीवरून नवा कागद छापला, लॅबच्या डॉक्टरांची सही घेतली. मी तो खिशात घालून स्टँडकडे पळत सुटलो. आक्का मागून ओरडत होत्या, "पांढरी टोपी हाय त्येंची! हातात पिशवी!"

निपाणीच्या स्टँडवर पांढरी टोपी आणि हातात पिशवी नसलेला म्हातारा शोधणं सोपं गेलं असतं.

कागलवरून जाणारी कोल्हापूरची गाडी लागलेली होती. आत शिरलो. मोठ्याने त्या मुलीचं नाव घेतलं. कोणी ओ दिली नाही. गाडी अर्धी रिकामी दिसत होती, पण रिकामी नव्हती. एका जागेवर टॉवेल, एकीवर रुमाल, एकीवर छत्री, एकीवर मेथीची जुडी. खिडकीतून टाकून, जागा धरून मंडळी चहाला गेली होती. मी एकेक जागा बघत गेलो. तिसऱ्या रांगेत खिडकीशी एक खाकी पाकीट पडलेलं होतं. वर लॅबचा शिक्का, खाली त्या मुलीचं नाव.

सुनेचा रिपोर्ट टाकून म्हाताऱ्याने जागा धरली होती.

मी त्या जागेपाशी उभा राहिलो. पाकिटाला हात लावायची हिंमत होईना, आणि तिथून हलायचीही. कंडक्टर म्हणाला, "ओ, बसा की. जागा हाय."

"ही धरलेली आहे."

"मग तुमी का हुबा?"

"धरणाऱ्याची वाट बघतोय."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की सुमनची आठवण झाली.

थोड्या वेळाने एक उंच, वाकलेले आजोबा कागदात भजी घेऊन चढले. मला बघून लांबूनच ओरडले, "ओ पावनं! पाकीट माझं हाय. जागा माझी!"

"तुमचीच आजोबा. मी पाकिटासाठी आलोय. लॅबमधून."

"आता पाकीटबी परत मागाय लागलासा व्हय?"

मी हात जोडले. म्हटलं, एकदा उघडून बघा. त्यांनी भजी माझ्या हातात दिली आणि दोन्ही कागद बाहेर काढले. ते कन्नड शाळेत शिकलेले, मराठी अक्षर त्यांना लागत नव्हतं. म्हणून घरी जाऊनही त्यांनी ते दोन कागद कधी ताडून बघितले नसते. कंडक्टरला दोन्ही यायचं. त्याने कन्नड कागद वाचला: बी निगेटिव्ह. मग मराठी वाचला: ओ पॉझिटिव्ह. पुन्हा एकदा वाचला. आजोबा आळीपाळीने दोन्ही कागदांकडे बघत राहिले.

"दोन्ही राज्यात रगत येगळं असतंय व्हय रं?"

गाडीतले चार-पाच जण खो खो हसले. मी हसलो नाही. मी सांगितलं, "नाही आजोबा. कन्नडमधलं बरोबर आहे. मराठीतलं चुकलंय. तुमच्या सुनेला एक इंजेक्शन लागेल, डॉक्टरांना हा नवा कागद दाखवा." आणि खिशातला कागद दिला.

"चूक कुनाची?"

म्हटलं, "माझी. मला आधी शंका आली होती. मी गप्प बसलो."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मी इथला नाही हे माझ्या बोलण्यावरून कळलंच असणार. "गाव कुठलं तुजं?"

"परभणीकडचं."

"एवड्या लांबनं हितं येऊन पळतुयास व्हय?" मग सरकून जागा करत म्हणाले, "बस जरा. दम खा. भजी खा."

कंडक्टरने नवा मराठी कागद कन्नड कागदाशी ताडून मोठ्याने वाचला. नाव, वय, गाव, रक्तगट. सगळं जुळलं. चुकीचा कागद मी घडी करून घेतला. आजोबांनी माझा नंबर पिशवीवर पेनाने लिहून घेतला, मी उतरलो आणि गाडी सुटली.

मी स्टँडवर बराच वेळ बसून राहिलो. दुसरी गाडी लागत होती. लोक खिडकीपाशी धावले. खिडकीतून नुसती जागा बघून कोणी दाराकडे जात नव्हतं. नजर गेली की त्याच झटक्यात टॉवेल आत. बघणं आणि धरणं एकच. न्हाणीघरासाठी पुढे मीही तेच करायला लागलो होतो, आधी बादली आत सरकवायची, मग साबण आणायला जायचं. सगळं माहीत होतं मला. फक्त ते जिथे सांगायला हवं होतं तिथे सांगितलं नाही.

संध्याकाळी बेळगावला परतलो ते पिशवी भरायच्या तयारीनेच. अण्णा ऑफिसात बसून होते. मी तो चुकीचा कागद टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला.

"पोरीला योग्य कागद मिळाला?"

"मिळाला."

"मग तोंड का पाडलंयस?"

"अण्णा, मी सही केली होती."

"तू एकट्यानं केलतीस व्हय? 'मग झालं की' कोन म्हनालं? माझी सही कागदावर न्हवती एवढंच." मग आवाज उतरवून म्हणाले, "फाउंड्रीत मुकादम सांगाय आलता, ह्यो दोनदा ठोकतोय म्हणून. तुला ठेवला त्यो त्याच्यासाठी. आन् हितं तू एकदाच ठोकून सोडलास. पुन्हा असं करू नगंस."

मॅडम लग्नाहून परतल्या, हातावरची मेंदी अजून ओली वाटावी अशी गडद. सगळं ऐकून "हौदा?" म्हणाल्या. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि ती ओळ माझ्यासमोर बदलली. आता प्रत्येक कागदाची फाईल वेगळ्या नावाची. आणि "आहे का बघ" व "तयार कर" असे दोन हुकूम राहिलेच नाहीत. एकच हुकूम: नसेल तरच तयार कर, असेल तर परत फीर. मध्ये फटच नाही. चाळणी पुन्हा लावली. तिथली खूण गेली. मॅडम म्हणाल्या, "आता तुम्ही ठोका." मी दोनदा वाचलं. खणखणीत वाजलं.

त्यानंतर आमच्याकडे एक नियम झाला. फटीची शंका "फुकट" म्हणून मारायची असेल तर आधी जागेवर जाऊन बघून यायचं. जायचं काम माझ्याकडे. चिकोडी, काकती, खानापूर, कुठेही. मी जातो, दारात उभा राहतो, आधी खिडक्या मोजतो. लोकांना विचारतो, हे काम तुम्ही नेमकं कसं करता? लोक हसतात. पण सांगतात. आणि सांगतात ते बहुतेक वेळा फॉर्मवर नसतंच. घरी फोनवर आई विचारते, "तू तिथं करतोस तरी काय रे?" मी सांगतो, "शंका काढतो." ती म्हणते, "त्याचे पैसे देतात व्हय?" मीही चकित आहे, आई.

त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटाला एका अनोळखी नंबरवरून दोन फोटो आले. लहान बाळाच्या रक्ताचे अहवाल, एक कन्नडमध्ये, एक मराठीत. आमच्याच प्रोग्रामने छापलेले. पाठोपाठ बोललेला निरोप. कोगनोळीचे आजोबा. मागे बाळाचं रडणं आणि कोणा बाईचं हसणं.

"ओ परभनीवालं! नात झालीया. सुनंला इंजेक्शनं दिली दोन्ही येळंला, सातव्या म्हैन्यात आन् बाळंतपणानंतर. ह्ये बघ, दोन्हीकडचं रगत सारखंच हाय न्हवं?"

मी फोटो मोठे केले. नाव, तारीख, रक्तगट. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. सुमन म्हणाली, "झालं की, कळवा आता, म्हातारा वाट बघत असेल." मी तिसऱ्यांदा वाचलं, आणि मग लिहिलं:

"व्हय आजोबा. सारखंच हाय."